धन्यवादच्या पुढचं पान

रूपराव उगेमुगे सरांना कॉम्प्युटरची एकच विद्या येत होती आणि तिनंच त्यांचा घात केला.

ती विद्या त्यांना मयुरी मॅडमनी शिकवली होती. जाम गावापासून चार किलोमीटरवरच्या त्या दोनशिक्षकी शाळेत सर मुख्याध्यापक, वय चोपन्न. आणि मयुरी मॅडम सहशिक्षिका, वय सत्तावीस. जूनमध्ये शाळेच्या फायलींत जिथं जिथं मागचं शैक्षणिक वर्ष होतं तिथं नवं टाकायचं होतं. सर चष्मा नाकावर ओढून एकेक आकडा खोडत बसले होते. मॅडमनी दोन बटणं दाबली, वरच्या चौकटीत जुनं वर्ष लिहिलं, खालच्या चौकटीत नवं लिहिलं आणि 'रिप्लेस ऑल' केलं. एकशे अठ्ठ्याऐंशी जागी वर्ष बदललं. सर खुर्चीतून उठलेच.

"हे तं जादूच हाये ना मॅडम!"

पुढचे पंधरा दिवस ते दिसेल त्या फायलीत काही ना काही बदलत सुटले होते. मॅडम हसायच्या. सरही हसायचे. तोवर हसण्यासारखंच होतं सगळं.

मग ऑगस्टमध्ये जिल्ह्याची स्पर्धा निघाली. प्रत्येक शिक्षकानं स्वतः एक डिजिटल धडा तयार करायचा आणि तो सगळ्या शिक्षकांसाठी खुला करायचा. केंद्रप्रमुख हिरालाल कडू यांनी ग्रुपवर यादी टाकली, 'धडा न दिलेले शिक्षक', आणि नावं लाल रंगात. पहिल्या दिवशी यादीत बावीस नावं होती. आठवड्यानं नऊ राहिली. शेवटी तीन राहिली, त्यातलं एक उगेमुगे सरांचं. बाकीच्या दोघांपैकी एक बाळंतपणाच्या रजेवर होत्या आणि दुसरे दवाखान्यात.

त्यात हिरालाल सरांनी फोन केला. "उगेमुगे सर, तुमच्यावानी सीनियर मानसाचं नाव लाल रंगात पाहून मलेच कसंतरी होते. करून टाका ना काहीतरी."

मयुरी मॅडमना विचारलं असतं तर त्यांनी आनंदानं मदत केली असती. पण मुख्याध्यापकानं विचारायचं तरी किती वेळा? हजेरी विचारली, पोषण आहाराची माहिती कशी भरायची ते विचारलं, फोटो छोटा कसा करायचा ते तर तीनदा विचारलं. आता धडाही त्यांनाच विचारायचा तर मग आपल्याला येतं काय, असं सरांना वाटलं. खरं सांगायचं तर हा प्रश्न त्यांच्या मनात बऱ्याच वर्षांपासून होता. एके काळी ते नावाजलेले मास्तर होते. मग हळूहळू कागद वाढले, शिकवणं आटलं, आणि मुलं बाकावर अन् सर रजिस्टरात, असं होऊन बसलं. त्याची लाज त्यांना वाटायची, पण ती कुणाला दिसत नव्हती म्हणून चाललं होतं.

एका दुपारी, मुलं खिचडी खायला गेली असताना, त्यांनी इंटरनेटवर नुसतं 'परिमिती' असं लिहून पाहिलं. शिक्षकांनी शिक्षकांसाठी धडे ठेवलेली एक साइट उघडली. आणि तिथं त्यांना तो धडा सापडला. 'धुरा आणि वावर', इयत्ता चौथी. तयार करणार: जागृती मून, आष्टी तालुका.

धडा काय होता! पहिल्याच पानावर एक चौकोनी वावर, म्हणजे शेत, आणि त्याच्या चारी बाजूंनी धुरा, म्हणजे बांध. खाली लिहिलेलं: 'धुऱ्यावरून एक चक्कर मारली की ती परिमिती. धुऱ्याच्या आत पेरलं ते क्षेत्रफळ.' बस्स. शहरातल्या पुस्तकात चार पानं लावूनही जे पोरांच्या डोक्यात जात नाही, ते दोन ओळींत. पुढं गणितं होती, सगळी गावातली. सर एकेक पान पाहत गेले आणि त्यांना असं वाटायला लागलं की हे आपल्याच मनातलं आहे, आपल्यालाही हे सुचलंच असतं, फक्त वेळ मिळाला नाही. 'धन्यवाद' असं मोठ्या अक्षरांत आलं तेव्हा त्यांनी धडा बंद केला. एकतीस वर्षांत त्यांनी शंभरेक प्रशिक्षणं केली असतील; पडद्यावर 'धन्यवाद' आलं की माणसं चहाला उठतात, पुढं काही असतं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

धड्याच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'हे साहित्य खुले आहे. वापरा, बदला, वाटा. मात्र मूळ तयार करणाऱ्याचे नाव कायम ठेवा.' सरांनी 'वाटा'पर्यंत वाचलं. पुढचंही वाचलं, पण न वाचल्यासारखं.

तरी त्यांनी नाव लगेच काढलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. स्पर्धेच्या फॉर्मवर चौकट होती: 'निर्मिती कोणाची?' तिच्यात एकच नाव मावत होतं. सर त्या चौकटीकडे बराच वेळ पाहत राहिले. मग फोन वाजला, ग्रुपवर नवी यादी आली होती, आणि तिच्यात आता एकच नाव लाल होतं.

त्यांनी वरच्या चौकटीत 'जागृती मून' लिहिलं, खालच्या चौकटीत 'रूपराव उगेमुगे'. तीन जागी बदललं. पण प्रत्येक पानाच्या तळाशी नुसतंच 'जागृती' होतं, ते तसंच राहिलं. म्हणून त्यांनी पुन्हा वर 'जागृती' लिहिलं, खाली 'रूपराव', आणि रिप्लेस ऑल केलं. एकेचाळीस जागी बदललं. पहिली पाच पानं त्यांनी पाहिली. प्रत्येक पानाखाली आपलं नाव होतं. बाकीची पाहिली नाहीत, कारण जादूवर त्यांचा पूर्ण भरवसा होता. धडा पाठवला. संध्याकाळच्या यादीत लाल नाव एकही नव्हतं, आणि हिरालाल सरांनी हात जोडल्याची तीन चित्रं टाकली.

महिन्यानं निकाल लागला. जिल्ह्यातून पाच धडे निवडले गेले, त्यात 'धुरा आणि वावर'. मयुरी मॅडमनी शाळेत पेढे वाटले.

"सर, काऊन सांगितलं नाई तुमी? किती भारी धडा हाये!"

"सुचलं असंच," सर म्हणाले. ते दोन शब्द तोंडातून गेले आणि उरलेला पेढा त्यांनी कागदात गुंडाळून खिशात ठेवला. त्या दिवशी चौथीच्या पोरांनी हट्ट केला, गुरुजी आम्हालाही शिकवा तो धडा. सर म्हणाले, उद्या. दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हणाले.

कार्यक्रम वर्ध्याला, सावंगीच्या रस्त्यावरच्या एका सभागृहात होता. दोनशे शिक्षक, समोर मोठा पडदा, टेबलावर ओळीनं पाच प्रमाणपत्रं आणि पाच झाडांच्या कुंड्या. सर पहिल्या रांगेत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. प्रमुख अधिकारी बोलायला उठले. माणूस हसतमुख होता. त्यांनी तंत्रज्ञानाचं महत्त्व सांगितलं, खुल्या साहित्याचं महत्त्व सांगितलं, आणि मग आवाज जरा उतरवला.

"एक दुःखाची गोष्टही सांगावी लागते. या वर्षी एक नक्कल सापडली. आष्टी तालुक्यातल्या एका मॅडमनी उगेमुगे सरांचा धडा जसाच्या तसा आपल्या नावानं पाठवला. शेवटच्या दिवशी. सरांचा धडा आमच्याकडे आधी आलेला, म्हणून सापडलं. मी नाव घेत नाही. त्यांना खुलाशाचं पत्र गेलं आहे. मित्रहो, साहित्य खुलं आहे याचा अर्थ चोरी खुली आहे असा नाही."

टाळ्या पडल्या. शेजारच्या शिक्षकानं सरांच्या मांडीवर थाप मारली. "पाहा सर, लोक किती बेशरम राह्यते."

सर खुर्चीच्या कडेवर सरकले. त्यांनी तळहात मांडीला पुसले. उठायचं आणि सांगायचं, एवढंच काम होतं. मधे फक्त चार पावलं होती. उठतो, असं त्यांनी मनात तीनदा म्हटलं. तेवढ्यात पहिलं नाव पुकारलं गेलं, मग दुसरं, मग तिसरं, आणि प्रत्येक नावागणिक उठणं अवघड होत गेलं. त्या बाईंना पत्र गेलं होतं. आपण केलेल्या चोरीचं पत्र तिच्या शाळेत गेलं होतं, आणि आपण इथं कुंडी न्यायला बसलो होतो. सर उठले ते चौथं नाव आपलं पुकारल्यावरच.

मंचावर प्रत्येकानं आपला धडा दाखवायचा होता. पडद्यावर वावर आलं, धुरा आला. सभागृह खूश झालं. धडाच असा होता. पानं पुढं सरकवायला कोपऱ्यात एक ऑपरेटर मुलगी बसली होती. सर दोन ओळी बोलायचे आणि ती पान बदलायची. सहावं पान आलं. सर पडद्याकडे न बघता मोठ्यानं म्हणाले, "आता गावातलं उदाहरण पाहू." आणि वळून वाचायला लागले.

"चौथीच्या मुलांची जन... जनरूपराव फेरी गावाला पूर्ण वळसा घालून शाळेत परत आली. तर फेरी किती अंतर चालली?"

आधी कुणाला कळलं नाही. मग मागून एकजण फिसकन हसला, आणि दोनशे शिक्षक हसले. शिक्षकांना अशा वेळी हसू आवरत नाही, वर्गात दाबून ठेवलेलं असतं. "सर, तुमच्या नावाची फेरी निघाली का गावात?" कुणीतरी ओरडलं. सरही हसले, घाम पुसला. "टायपिंग मिस्टेक झाली," ते म्हणाले. पुढचं पान आलं. त्यावर पाणी वाचवण्याचा एक फलक होता आणि खाली लिहिलं होतं: 'रूपराव फलकाची लांबी सहा फूट, रुंदी चार फूट. तर रूपराव फलकाचे क्षेत्रफळ किती?'

आता अधिकारीसुद्धा हसत होते. परीक्षकांनी मात्र एकमेकांकडे पाहिलं. त्यांनीही बहुतेक पहिली पाचच पानं पाहिली असावीत. सर घाईघाईनं पुढं जात राहिले. 'धन्यवाद' आलं. टाळ्या पडल्या. सर सुटल्यासारखे मंचावरून उतरायला वळले. माणसं चहाला उठायच्या बेतात होती.

ऑपरेटर मुलगी नवी होती. तिनं बटण आणखी एकदा दाबलं.

धन्यवादच्या पुढं एक पान होतं. चित्र नव्हतं, नुसता मजकूर. समोर अक्षरं आली की शिक्षक वाचतोच. दोनशे जणांचे ओठ हलायला लागले. अधिकाऱ्यांनी तर सवयीनं मोठ्यानंच वाचायला सुरुवात केली.

'हा धडा माझा नाही. मी चौथीत होते तेव्हा माझे गुरुजी श्री. रूपराव उगेमुगे आम्हाला धुऱ्यावरून चालवत. सगळी मुलं आपापल्या वावराचा धुरा मोजून आणत. मी म्हटलं, गुरुजी, आमच्याजवळ वावर नाही. गुरुजी म्हणाले, "रूपराव, शाळेचं अंगण आजपासून तुझं वावर. जा, मोजून आण." मी मोजलं. अजूनही मोजते आहे. त्यांची विद्यार्थिनी, रूपराव ताकसांडे, इयत्ता चौथी.'

अधिकाऱ्यांचा आवाज शेवटी शेवटी बारीक होत गेला. हसू कुठं गेलं कुणास ठाऊक.

ताकसांडे. सरांना आता आठवलं. नोकरीचं पाचवं वर्ष, आष्टीकडची शाळा. तेव्हा सर सदऱ्याच्या बाह्या वर करून पोरांना वावरात न्यायचे. जागृती ताकसांडे, मजुरी करणाऱ्या भागीरथाबाईची मुलगी, दोन वेण्या, एकीलाच रिबीन. सगळी पोरं पळत पळत आपापल्या वावराकडे गेली आणि ती तिथंच उभी राहिली. 'गुरुजी, आमच्याजवळ वावरच नाई.' आपण तिला काय म्हटलं ते सरांना आजपर्यंत आठवत नव्हतं. तिला पंचवीस वर्षं आठवत होतं. आणि आपण जाऊन नेमक्या त्याच वावराच्या सातबाऱ्यावर आपलं नाव चढवून आलो होतो. लग्नानंतरचं 'मून' तेवढं आपल्याला दिसलं.

सर माइकजवळ परत आले.

"हा धडा माझा नाही," ते म्हणाले.

लोकांना वाटलं, सर पडद्यावरचंच वाचताहेत. अधिकारी म्हणाले, "हो सर, वाचलं आम्ही. पण ही काय भानगड आहे?"

"वाचून नाई राह्यलो साहेब. सांगून राह्यलो," सर म्हणाले. "धडा माझा नाही. ज्या मॅडमला तुम्ही पत्र पाठवलं, तिचा आहे. चोरी मी केली. तिचं नाव जागृती आहे. मी कॉम्प्युटरला सांगितलं, जिथं जागृती असेल तिथं माझं नाव टाक. त्यानं टाकलं."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं सरांना वाटलं. पकडलं गेल्यावर दिलेली कबुली किती मोलाची असते हे त्यांना माहीत होतं. तीस वर्षं पोरांना ते हेच सांगत आले होते. 'आधी का नाही सांगितलं?' हा त्यांचा ठरलेला प्रश्न असायचा. तो इथं कुणी विचारला नाही. प्रमाणपत्र आणि कुंडी टेबलावरच राहिली. जामच्या बसमध्ये ते मागच्या सीटवर बसले, ओळखीचं कुणी चढलं की खिडकीबाहेर पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांनी मयुरी मॅडमना सगळं सांगितलं. मॅडमनी भिंतीवर चिकटवलेलं अभिनंदनाचं कात्रण काढून दप्तरात ठेवलं. ते पाहणं सभागृहापेक्षा जड गेलं. मग सरांनी कागद घेतला आणि स्वतःच्या हातानं, पेनानं, झालेलं सगळं लिहून काढलं. मंचावर बोललेलं वाऱ्यावर जातं, खुलाशाला कागद लागतो. एक प्रत जिल्ह्याला पाठवली. दुसरी घेऊन सोमवारी रजा टाकली आणि आष्टीला निघाले.

तीन बस आणि एक ऑटो करून ते पोचले तेव्हा दीड वाजला होता. शाळा तीच. फाटक नवं होतं. अंगणात चुन्याची चौकोनी रेघ मारलेली आणि चौथीची पोरं तिच्यावरून एकामागे एक चालत पावलं मोजत होती. मधे उभी असलेली बाई वळली. पस्तिशीची, चष्म्याची. सरांना एकदम ती एकच रिबीन आठवली आणि त्यांचे पाय फाटकातच थांबले.

तिनं ओळखलं. चालत आली, वाकून पाया पडली. सर मागं सरकले.

"नको बाई. पाया नको पडू."

"काऊन? गुरुजी नाई का तुमी माह्ये?"

सरांनी कागद पुढं केला. तिनं उभ्या उभ्या पूर्ण वाचला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. "हा मी ऑफिसात देईन," ती म्हणाली. तिचा आवाज सरळ होता, पण त्यात गोडवा नव्हता. "माह्या नावावर डाग लागला होता गुरुजी. सरपंचापर्यंत गेली गोष्ट. पोरं इचारत होती, मॅडम, तुमी कॉपी केली का? वीस दिवस झाले पत्र येऊन. मी खुलासा देल्ला नाई."

"काऊन नाई दिला? तुह्याजवळ तं पुरावा होता. साइटवर तारीख होती."

"होती. पन खुलाशात तुमचं नाव लिहा लागलं असतं. तीनदा कागद घेतला. हात नाई चालला."

सरांना वाटलं जमीन फाटावी. रागावली असती, बोलली असती, तर त्यांना निदान मान खाली घालून ऐकून घेता आलं असतं. पोरं चालायची थांबून इकडे बघत होती. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हे कोन हाये?"

"आपल्या धड्यातले गुरुजी," जागृती म्हणाली.

"शेवटच्या पानावरचे?" पोरगी ओरडली, आणि सगळ्या पोरांनी एका सुरात हात जोडले. "नमस्ते गुरुजी!" या शाळेत धडा धन्यवादला संपत नव्हता. इथं शेवटचं पानही वाचत होते, नाव पाठ करत होते.

सरांचे डोळे भरून आले. त्यांनी आवाज खाली केला. "जागृती, एक काम कर बाई. ते पान काढून टाक. नाईतर माह्यं नाव तरी काढ त्याच्यातून. मी तुह्यासमोर हात जोडतो. त्या नावाच्या लायकीचा मी राह्यलो नाई."

तिनं चुन्याच्या रेघेवरचा एक खडा पायानं बाजूला केला.

"नाव काढता येत नाई, गुरुजी," ती म्हणाली. "खालीच लिहून हाये ना, बारीक अक्षरात. वापरा, बदला, वाटा. पन ज्याचं हाये त्याचं नाव कायम ठेवा."

मग ती पोरांकडे वळली आणि म्हणाली, चला, कुठवर आलो होतो आपण? एकसष्ट, पोरं म्हणाली, आणि पुन्हा धुऱ्यावरून चालायला लागली. गुरुजी फाटकाशीच उभे राहिले.